भाला, बारगीर आणि बखर : दिंडोरी-साल्हेरच्या संदर्भात एका शस्त्राच्या इतिहासलेखनाची चिकित्सा

प्रस्तावना

मराठ्यांच्या शस्त्रांचा विषय निघाला की तलवारीचे नाव प्रथम येते. तलवारीला नाव असते, घराणे असते आणि देवघरात तिची जागाही ठरलेली असते. भवानी, तुळजा, जगदंबा ही नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. २०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली. २०२५ साली नागपूरकर रघूजी भोसले यांची म्हणून ओळखली जाणारी तलवार राज्य शासनाने लंडनमधील लिलावातून मिळवली. या दोन्ही घटनांचे महाराष्ट्राने स्वागत केले आणि ते योग्यच होते. परंतु ज्या शस्त्राच्या बळावर मराठी घोडदळ तापीपासून कावेरीपर्यंत व पुढे अटकेपर्यंत पोहोचले, त्या भाल्याच्या वाट्याला असे स्वागत कधी आले नाही. एखाद्या भाल्याला विशेषनाम मिळून तो लोकस्मृतीत राहिल्याचे उदाहरण सहजासहजी सापडत नाही.

प्रस्तुत निबंधात या उपेक्षेची कारणे तपासावयाची आहेत. भाल्याचा इतिहास म्हणजे केवळ पात्यांच्या आकारांचा व दांड्यांच्या लांबीचा इतिहास नव्हे. भाला हे सामान्य राऊताचे शस्त्र होते, आणि म्हणूनच भाल्याविषयीचे मौन हे सामान्य राऊताविषयीचेही मौन आहे, अशी या निबंधाची भूमिका आहे. विवेचनासाठी नाशिक जिल्ह्यातील दोन लढाया आधारभूत धरल्या आहेत : १६७० सालची वणी-दिंडोरीची आणि १६७२ सालची साल्हेरची.

शब्दांची साक्ष

एखाद्या वस्तूचा वापर समाजात किती खोल रुजला होता हे पाहण्यासाठी भाषेकडे जावे लागते. दांड्यावर पाते बसविलेल्या शस्त्रांसाठी मराठीत भाला, बरची, विटा अथवा इटा, सांग, नेजा असे अनेक शब्द आहेत. हे सर्व शब्द एकाच वस्तूचे पर्याय नव्हेत. संपूर्ण लोखंडी असते ती सांग. ज्याला दोरी बांधलेली असते आणि फेकल्यानंतर जो त्या दोरीने पुन्हा हाती ओढून घेता येतो तो विटा. बरची आखूड व हलकी, तर स्वाराचा भाला लांब. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’तील शस्त्रांच्या यादीतही नेजा, बरछा, सांग असे प्रकार वेगवेगळे नोंदवले आहेत. शिवकालात सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त शस्त्रांसाठी स्वतंत्र वर्ग केलेला आहे. शस्त्रांना नेमके नाव देण्याची गरज राज्यकर्त्यांनाही वाटत होती, हे त्यावरून उघड होते.

शस्त्राच्या नावावरून माणसांची नावे पडली. भालेकरी, इटेकरी, भालदार हे शब्द मुळात कामाचे आहेत. त्यांपैकी भालदाराची पुढे झालेली वाटचाल विशेष बोलकी आहे. रणांगणावरून तो दरबारात आला आणि चोपदाराच्या जोडीने ललकारी देऊ लागला. भाला लढाईतून निवृत्त झाला, तरी मानाच्या मिरवणुकीत टिकून राहिला. याच्या अगदी विरुद्ध टोकाला ‘भालेराई’ हा शब्द उभा आहे. लूट, अंदाधुंदी, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही अशी स्थिती, असा त्याचा अर्थ रूढ झाला. एकाच शस्त्रापासून मानाचा ‘भालदार’ आणि भयाची ‘भालेराई’ हे दोन्ही शब्द निपजले. रयतेने हे शस्त्र दोन्ही बाजूंनी अनुभवले होते, याची ही भाषिक साक्ष आहे. बंगालमध्ये ‘बारगीर’ या शब्दाचे ‘बर्गी’ झाले आणि अठराव्या शतकाच्या मध्यातील स्वाऱ्यांची आठवण तेथील अंगाईगीतात शिरली. मराठी अभिमानाला ही साक्ष अडचणीची वाटली, तरी ती वगळून भाल्याचा इतिहास पूर्ण होत नाही.

दिंडोरी : राजाचे शस्त्र आणि राऊताचे शस्त्र

ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजी महाराज बागलाणमार्गे परतत होते. बुऱ्हाणपुराकडून आलेला दाऊदखान कुरेशी चांदवडपर्यंत पोहोचला होता. १७ ऑक्टोबर रोजी वणी-दिंडोरीच्या परिसरात दोन्ही सैन्यांची गाठ पडली. या लढाईची दोन वर्णने महत्त्वाची आहेत. एक सभासद बखरीतील, दुसरे मोगल सैन्यात प्रत्यक्ष हजर असलेल्या भीमसेन सक्सेना याचे.

कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, जिंजी येथे, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली. दिंडोरीच्या प्रसंगी महाराज स्वतः घोड्यावर होते, अंगात बख्तर होते आणि हाती पट्टे चढवले होते, असा तपशील तो देतो. मालमत्ता व पायदळ पुढे रवाना करून महाराज दहा हजार सड्या राऊतांनिशी उभे राहिले, असेही तो सांगतो. येथे चिकित्सकाने थांबावयास हवे. राजाच्या हातातील शस्त्राचे नाव बखरकार देतो. दहा हजार राऊतांच्या हातात काय होते हे मात्र तो सांगत नाही. हे मौन हेतुपुरस्सर आहे असे म्हणता येणार नाही. जे सर्वांना ठाऊक असते ते लिहिण्याची गरज कोणाला वाटत नाही. रोजच्या भाकरीचे वर्णन बखरीत येत नाही, तसेच रोजच्या भाल्याचेही येत नाही. पण बखरकाराच्या काळी जे सर्वविदित होते ते तीनशे वर्षांनंतर कोणालाच विदित राहत नाही, आणि त्या रिकाम्या जागेत नंतरच्या पिढ्या आपल्या आवडीचे शस्त्र, म्हणजे तलवार, नेऊन ठेवतात.

भीमसेनाचे वर्णन वेगळ्या कारणाने उपयुक्त ठरते. मराठे दख्खनी रीतीने सभोवार घिरट्या घालत लढत होते, असे त्याच्या वृत्तान्तावरून दिसते. शत्रूच्या नजरेतून आलेला हा तपशील शस्त्राचे नाव सांगत नसला, तरी हालचालीचा आराखडा देतो. जवळ येणे, घाव घालणे, दूर होणे आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा येणे या पद्धतीला लांब पल्ल्याचे व हलके शस्त्र अनुकूल असते. बखरीने शस्त्रधाऱ्यांची संख्या दिली, भीमसेनाने त्यांची गती दिली. दोन्ही साधने शेजारी ठेवून वाचली तरच राऊताचे चित्र उभे राहू लागते.

साल्हेर : गड आणि मैदान

फेब्रुवारी १६७२ मधील साल्हेरच्या लढाईत हा प्रश्न अधिक ठळक होतो. इखलासखान मियाना व बहलोलखान यांनी गडाला वेढा घातला होता. प्रतापराव गुजर लष्कर घेऊन घाटावरून आणि मोरोपंत पिंगळे हशम घेऊन कोकणातून चढून आले, असे सभासद सांगतो. वेढा घालणारे सैन्यच दोन बाजूंनी कोंडीत सापडले. चार प्रहर चाललेल्या या युद्धात उडालेल्या धुरळ्याचे, पडलेल्या माणसांचे व जनावरांचे वर्णन त्याने विस्ताराने केले आहे. सव्वाशे हत्ती, सहा हजार घोडी, तितकेच उंट अशी मिळकतीची मोजदाद तो देतो. जंबुऱ्याचा गोळा लागून सूर्यराव काकडे पडल्याचे नोंदवतो. हे आकडे जसेच्या तसे स्वीकारता येतात असे नाही, परंतु त्यांतून बखरकाराचे लक्ष कोठे होते ते कळते. मोगलांच्या तोफा, हत्ती व उंटांवरील जंबुरे त्याला दिसले. लूट दिसली, नामवंत सरदाराचा मृत्यू दिसला. विजय कोणत्या शस्त्राने मिळाला, याचे उत्तर मात्र या वर्णनातून मिळत नाही.

नंतरच्या लेखनाने यात दुसरी अडचण निर्माण केली. साल्हेर हा १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातील सर्वांत उंच गिरिदुर्ग. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा लष्करी स्थळांतील बारा किल्ल्यांमध्ये त्याचा समावेश आहे. नाशिक शहराच्या उंबरठ्यावरील रामशेजने मोगलांना पाच वर्षांहून अधिक काळ झुंजवले, ती कथाही गडाचीच. परिणामी साल्हेरची लढाई म्हटली की डोळ्यांसमोर कडा, बुरूज आणि दरवाजा येतो. वस्तुतः निर्णायक लढाई झाली ती गडाखालच्या मोकळ्या मैदानात. गड चढताना लांब दांड्याचे शस्त्र अडचणीचे ठरते. अरुंद वाटेवर, दरवाजाच्या गर्दीत तलवार व पट्टाच उपयोगी पडतो. भाल्याचे राज्य मैदानात असते. मैदानाची मात्र शेती होते, तेथे बुरूज उरत नाही, फलक लागत नाही. जागेची स्मृती गडाने घेतली आणि शस्त्राची स्मृती तलवारीने घेतली, या दोन गोष्टी एकमेकींशी निगडित आहेत.

शस्त्राची कार्यपद्धती

बखरीतील मौन भरून काढण्यासाठी शस्त्राच्या गुणधर्मांचा विचार करावा लागतो. भाल्याचा दांडा बहुधा बांबूचा असे. भरीव जातीचा बांबू, ज्याला महाराष्ट्रात मानवेल म्हणतात, हलका, लवचीक व चिवट असतो. इंग्रजांनीही पुढे आपल्या घोडदळाच्या भाल्यांसाठी भारतातील अशा भरीव बांबूचा वापर केला. टोकाला छोटे पोलादी पाते असले की पुरे होई. तलवारीच्या पात्याला जितके उत्तम पोलाद व कारागिराचे जितके श्रम लागतात, त्यांच्या अल्पांशात भाला तयार होतो. ज्या सैन्याला थोड्या अवधीत हजारो स्वार उभे करावयाचे आहेत, त्याच्या दृष्टीने हा गुण निर्णायक होय.

दुसरा गुण पल्ल्याचा. तलवारीचा घाव घालण्यासाठी शत्रूच्या शेजारी जावे लागते. भालाईत दोन घोड्यांचे अंतर राखून प्रहार करू शकतो. तिसरा गुण वेगाचा. पूर्ण दौडीत असलेला घोडा शंभर मीटर अंतर आठ-दहा सेकंदांत कापतो. तोड्याची बंदूक एकदा झाडल्यावर पुन्हा भरण्यास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागे. एक फैर चुकवून किंवा सोसून जो पोहोचला, त्याच्यापुढे बंदूकवाला जवळजवळ निःशस्त्र असे. रांग मोडून पळणाऱ्या सैन्यावर तर भाल्याइतके प्रभावी दुसरे शस्त्र नाही.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. गर्दीत भाला फिरवता येत नाही. पहिला घाव चुकला की स्वार उघडा पडतो. म्हणून भालाईताच्या कमरेला तलवार असेच. शिस्तीने उभ्या असलेल्या, संगिनी रोखलेल्या पायदळासमोर घोडाच पुढे जाण्यास नकार देतो. भाला हे लढाई जिंकण्याचे साधन होते, मात्र शत्रूची फळी आधी विस्कळीत झालेली असणे ही त्याची पूर्वअट होती. ‘गनिमी कावा’ या शब्दाने ज्याचे वर्णन केले जाते त्यात शत्रूला विस्कळीत करण्याची ही पूर्वतयारी मोठ्या प्रमाणावर येते. हुलकावणी, रसद तोडणे, माघारीचे सोंग या गोष्टी चातुर्याच्या कथा म्हणून सांगितल्या जातात. भाल्याच्या मर्यादा ओळखून केलेली ती व्यवहार्य आखणी होती, हे त्या कथांतून निसटते.

शस्त्रामागील माणूस कोण होता? शिवकालीन पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला अशी रचना होती. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार घोडा व हत्यार स्वतःचे आणी. पावसाळ्यात छावणी, दसऱ्यानंतर आठ महिने मुलूखगिरी, असा क्रम होता. या व्यवस्थेतील बारगीर बहुतांशी कुणबी घरातला. त्याच्या हाती शोभणारे, परवडणारे आणि लवकर शिकता येणारे शस्त्र भाला हेच होते.

ग्रँट डफ, रानडे आणि सुटलेला प्रश्न

१८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात जेम्स ग्रँट डफ याने भाल्याला मराठ्यांचे राष्ट्रीय शस्त्र म्हटले आणि त्याच्या वापरातील व घोडा हाताळण्यातील कौशल्याची प्रशंसा केली. १८०९ साली शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या टॉमस ब्रॉटन याच्या पत्रांतूनही मराठी स्वारांचे जिवंत दर्शन घडते. म्हणजे बखरीने जे गृहीत धरले ते परक्यांनी लिहून ठेवले. परंतु परक्याची नजर कौतुकातही तटस्थ नसते. ग्रँट डफच्या एकंदर मांडणीत मराठ्यांचा उदय सह्याद्रीतील वणव्यासारखा आकस्मिक ठरतो. त्या चौकटीत भाला हे विध्वंसाचे, लुटीचे साधन बनते. कौशल्य मान्य, पण त्यामागील व्यवस्था अमान्य, असे हे कौतुक आहे.

या चौकटीला मराठी विद्वानांनी समर्थपणे उत्तर दिले. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी ग्रँट डफवर टीका केली. निफाड येथे जन्मलेल्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मराठी सत्तेच्या उदयाची मुळे संतांच्या कार्यात, समाजाच्या जागृतीत व राज्यव्यवस्थेत शोधली. वणव्याच्या रूपकाला हे योग्य उत्तर होते. मात्र या वादात एक गोष्ट सुटली. ग्रँट डफने राऊताचे कौशल्य मान्य करून त्याचा विचार नाकारला होता. रानड्यांनी समाजाचा विचार पुढे आणला, पण राऊताच्या कौशल्यालाही विचाराचे मूल्य आहे, हा मुद्दा त्यांच्या विवेचनाच्या कक्षेबाहेर राहिला. घोडा, दांडा आणि मोकळे मैदान यांचा मेळ घालणारे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या पागेत शिकवले गेले. ते ग्रंथात उतरले नाही म्हणून त्याला ज्ञान न म्हणणे हा पुस्तकी वर्गाचा दोष आहे.

विसाव्या शतकात सुरेंद्रनाथ सेन यांच्या १९२८ सालच्या मराठा लष्करी व्यवस्थेवरील ग्रंथाने लष्करी संघटनेच्या अभ्यासाला भक्कम पाया दिला. शस्त्रांच्या अभ्यासात मात्र एगर्टन यांच्या १८८० सालच्या सूचीपासून संग्रहालयाची दृष्टी प्रभावी राहिली. संग्रहालयात येते ते कोफ्तगारी केलेले, मुठीवर नक्षी असलेले शस्त्र. साध्या भाल्याचा दांडा वाळवीने खाल्ला, पाते मोडीत गेले अथवा विळा-कोयता होऊन शेतात परतले. उरलेल्या वस्तूंवरून इतिहास लिहिला तर तो उरवून ठेवणाऱ्यांचाच होतो.

गोलाची लढाई आणि भाल्याची उतरण

भाल्याचे गौरवीकरण हाही एक धोका आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांनी गोलाची लढाई स्वीकारली. इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळाशेजारी विठ्ठल शिवदेव विंचूरकर व दमाजी गायकवाड यांची घोडदळाची पथके होती. ज्यांचे नाव आज नाशिक जिल्ह्यातील विंचूरशी जोडलेले आहे, त्या विंचूरकरांसारख्या सरदारांचे स्वार मोकळ्या मैदानातील दौडीत वाढलेले होते. गोलाला चिकटून राहावयाचे, पायदळाच्या गतीने चालावयाचे, हा त्यांच्या शस्त्राचा व शिक्षणाचा धर्म नव्हता. विंचूरकरांवर उतावळेपणाचा आरोप करणाऱ्या विवेचनांत शस्त्र आणि व्यूह यांच्यातील ही विसंगती क्वचितच लक्षात घेतली जाते. दोष एका सरदाराचा मानला की व्यवस्थेचा प्रश्न विचारावा लागत नाही.

युरोपातही असेच घडले होते. १३१५ साली मॉर्गार्टन येथे स्विस शेतकऱ्यांनी दांड्याच्या कुऱ्हाडींनी चिलखती सरंजामदारांचा पराभव केला. पुढे त्यांच्या लांब भाल्यांच्या पायदळाने युरोप गाजवला. संगीन आल्यावर पायदळाला निराळ्या भाल्याची गरज उरली नाही. तेथे भाला शेतकऱ्याला सरंजामदारापुढे उभे करणारे शस्त्र ठरले आणि त्यावर पुष्कळ लेखन झाले. बारगिराच्या भाल्यानेही कुणब्याला उमरावासमोर उभे केले, पण त्याचा असा सामाजिक इतिहास मराठीत अद्याप पुरेसा लिहिला गेलेला नाही.

महादजी शिंद्यांनी द ब्वाञच्या हाताखाली कवायती कंपू उभारले, तेव्हा भाल्याच्या मर्यादांची जाण सरदारांनाही झाली होती. तरीही भाला एकाएकी निरुपयोगी ठरला नाही. १८०४ साली यशवंतराव होळकरांनी कर्नल मॉन्सनच्या माघारी फिरलेल्या फौजेचा केलेला पाठलाग हे विस्कळीत शत्रूवरील घोडदळाच्या सामर्थ्याचे उत्तम उदाहरण होय. उलट ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी येथे बापू गोखल्यांच्या घोडदळाचा लोंढा इंग्रजांच्या शिस्तबद्ध रांगेपुढे व दलदलीत अडखळला. पूर्वअट पूर्ण झाली तेथे यश, झाली नाही तेथे अपयश, हे सूत्र दोन्ही ठिकाणी लागू पडते. पेशवाई बुडाल्यावरही इंग्रजांनी देशी घोडदळाच्या हाती भाला ठेवलाच. वॉटर्लूनंतर, १८१६ साली, त्यांनी आपल्या मायदेशीच्या घोडदळातही भालाईतांची पथके उभारली. म्हणजे शस्त्र कालबाह्य म्हणून मराठे हरले, हे विधान तपासल्याशिवाय स्वीकारता येत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. भाल्याविषयीचे बखरीतील मौन हे त्याच्या क्षुल्लकतेचे लक्षण नसून सार्वत्रिकतेचे आहे. परकीय लेखकांनी हे शस्त्र नोंदवले, पण लुटीच्या चौकटीत बसवले. राष्ट्रीय इतिहासकारांनी ती चौकट मोडली, पण शस्त्र तेथेच सोडून दिले. संग्रहालयांनी व अलीकडच्या वारसाप्रेमाने नामवंतांच्या शस्त्रांना जागा दिली, बारगिराच्या शस्त्राला ती मिळावयाची आहे.

यावर उपाय तलवारीचे महत्त्व कमी करण्यात नाही. इतिहासाच्या वर्गात दिंडोरीचा प्रसंग शिकवताना राजाच्या हातातील पट्ट्याबरोबर दहा हजार राऊतांच्या हातांविषयीही प्रश्न विचारला गेला पाहिजे. कोल्हापूरच्या तालमींतून मर्दानी खेळाच्या रूपाने भाला व विट्याचे हात आजही शिकवले जातात. ते करमणूक म्हणून न पाहता ज्ञानाचे साधन म्हणून नोंदवले गेले पाहिजेत. गावोगावच्या वीरगळांवर घोडेस्वार कोरलेले असतात, बहुतेकांवर नाव नसते. मंदिराच्या आवारात, चिंचेखाली, शेताच्या बांधावर हे दगड झिजत उभे आहेत. त्यांवरील स्वाराच्या हातात काय आहे, एवढे जरी प्रत्येक तालुक्यात काळजीपूर्वक पाहून टिपले गेले, तरी बखरीने सोडलेली एक ओळ भरून काढण्यास प्रारंभ होईल. साल्हेरच्या कड्याकडे पाहणाऱ्या अभ्यासकाने मान खाली करून पायथ्याच्या शेतांकडेही पाहावे. निर्णय तेथे झाला होता, आणि तो घडविणाऱ्यांपैकी फार थोड्यांची नावे कोणी लिहून ठेवली.